लुईझियानाचे गंबो आणि तिथल्या घराघरांतील खाद्यपरंपरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या प्रादेशिक जेवणाविषयी लिहिताना एकट्या लुईझियानाचाच विचार का केला आहे?

अमेरिकेचे जेवण म्हटले की बहुतेकांना बर्गर, पिझ्झा आणि तळलेली कोंबडी एवढेच आठवते, कारण साखळी उपाहारगृहांमधून तेवढेच आपल्यापर्यंत पोहोचले आहे. प्रत्यक्षात तिथे मुलूख बदलला की ताट बदलते. बॉस्टनच्या परिसरात शनिवारी रात्री मोलॅसिस घालून मंद आचेवर शिजवलेल्या बीन्स खाण्याचा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या घरांत नववर्षाच्या दिवशी डुकराचे मांस आणि आंबवलेला कोबी शिजतो, विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी तळलेल्या मासळीचे जेवण असते, आणि न्यू मेक्सिकोत उन्हाळा सरताना हिरव्या मिरच्या पोत्यांनी विकत घेऊन, भाजून, वर्षभरासाठी साठवल्या जातात. या सगळ्यांचा एकत्र आढावा घेतला तर हाती नुसती नावांची यादी राहते. दक्षिणेकडील लुईझियाना राज्यात मात्र कोणता पदार्थ, कोणत्या वारी, कोणत्या सणाला आणि कोणाच्या हातचा, या गोष्टी आजही एकमेकींना घट्ट बांधलेल्या आहेत, आणि त्या पातेल्यामागचा इतिहास, त्यातल्या अन्यायासकट, डोळ्यांना दिसतो. शिवाय शेजारच्या टेक्सास राज्यात, विशेषतः ह्यूस्टनमध्ये, अनेक मराठी कुटुंबे राहतात आणि गंबोची किंवा क्रॉफिश या शेवंडीसारख्या जिवाच्या जेवणाची आमंत्रणे त्यांना शेजाऱ्यांकडून येत असतात. त्यांना पडणारे प्रश्न मनात धरूनच पुढची उत्तरे लिहिली आहेत.

गंबो म्हणजे नेमका कोणता पदार्थ?

गंबो हा भाताबरोबर खायचा दाट, खमंग रस्सा आहे. त्याच्या तळाशी बारीक चिरलेला कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची असते. या तीन भाज्यांना तिथे 'होली ट्रिनिटी' म्हणतात आणि त्यांच्यावाचून तिथल्या स्वयंपाकाची सुरुवातच होत नाही. रस्सा दाट करण्याचे तीन मार्ग आहेत : तेलात भाजलेल्या मैद्याचा रू, भेंडी आणि फिले नावाची पानांची पूड. आत काय घालायचे हे गावावर आणि ऋतूवर ठरते. समुद्रापासून दूरच्या गवताळ प्रदेशात कोंबडी आणि धुरावलेले अँडुई सॉसेज घालतात, तर किनाऱ्याकडे कोळंबी, खेकडे आणि कालवे. भात वेगळा शिजवून वाढताना वाडग्यात घालतात. तांदूळ रश्श्यातच शिजवला तर तो जांबालाया होतो, गंबो नव्हे.

गंबोवर खरा हक्क कोणाचा? फ्रेंचांचा, आफ्रिकनांचा की मूळ रहिवाशांचा?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि 'हे सर्वांचेच' असे गुळमुळीत उत्तर देऊन तो मिटवणे मला योग्य वाटत नाही, कारण पातेल्यात कोणी काय घातले हे बऱ्याच अंशी सांगता येते.

न्यू ऑर्लिन्स शहर फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवले. त्यानंतर वर्षभरात, १७१९ मध्ये, गुलाम केलेल्या आफ्रिकन माणसांना घेऊन पहिली जहाजे लुईझियानात आली. भातशेती जाणणारी माणसे आणि भाताचे बियाणे आणावे, असे त्या जहाजांच्या कप्तानांना सांगितलेले होते. म्हणजे या लोकांना केवळ अंगमेहनतीसाठी नव्हे, तर त्यांच्या शेतीच्या ज्ञानासाठीही पळवून आणले गेले. भेंडी मूळची आफ्रिकेची, आणि 'गंबो' हे नावही मध्य आफ्रिकेतील भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून आले आहे. भेंडी घालून दाट केलेला रस्सा भाताबरोबर खाणे ही पश्चिम आफ्रिकेत आजही रोजची गोष्ट आहे. पुढची दीडशे वर्षे लुईझियानातील श्रीमंत घरांतला स्वयंपाक प्रामुख्याने गुलाम स्त्रियांनीच केला. त्यामुळे गंबोचा कणा आफ्रिकन आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

फिले पूड ही तिथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांची देणगी आहे. सॅसाफ्रास झाडाची कोवळी पाने वाळवून, कुटून ते ती बनवत आणि बाजारात विकत. मैदा भाजून रस्सा दाट करण्याची रीत फ्रेंचांची, पण फ्रान्समध्ये तो फिकट ठेवतात, आणि काळपट होईपर्यंत भाजणे हे लुईझियानातच रूढ झाले. १७२० च्या दशकाच्या आरंभी मिसिसिपीच्या काठी स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या मुलखात अँडुई सॉसेजचा धंदा वाढला. १७६० च्या दशकापासून सुमारे चाळीस वर्षे हा प्रदेश स्पेनच्या ताब्यात होता, त्या काळाने मसालेदार सॉसेज दिले. १७५५ पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियातून हाकललेले फ्रेंच भाषक अकेडियन लोक पुढच्या तीस वर्षांत दक्षिण लुईझियानाच्या पाणथळ भागात येऊन राहिले, आणि त्यांचेच वंशज म्हणजे आजचे केजन. हैतीतील क्रांतीनंतर क्यूबामार्गे १८०९ मध्ये सुमारे ९,००० निर्वासित एकट्या न्यू ऑर्लिन्समध्ये उतरले आणि त्यांनीही आपले हात या स्वयंपाकाला लावले. इतक्या लोकांची भर पडली हे खरे, पण प्रत्येकाची भर स्वखुशीची नव्हती, हे विसरून गंबोची गोष्ट सांगता येत नाही.

क्रिओल आणि केजन स्वयंपाकात फरक काय?

ढोबळमानाने क्रिओल स्वयंपाक, म्हणजे वसाहतकाळापासून राहिलेल्या फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकन वारशाच्या घराण्यांचा, न्यू ऑर्लिन्स शहराचा आणि केजन स्वयंपाक पश्चिमेकडील खेड्यांचा. शहराच्या बंदरात लोणी, टोमॅटो आणि परदेशी मसाले येत असत, म्हणून क्रिओल रश्श्यात अनेकदा टोमॅटो असतो आणि रू थोडा फिकट असतो. केजन रश्श्यात टोमॅटो घातलेला खेड्यातल्या जुन्या माणसांना मुळीच चालत नाही, आणि त्यांचा रू गडद असतो. ही विभागणी नियमासारखी काटेकोर मानू नये, कारण दोन्हीकडच्या घरांत सोयरीक झालेली आहे आणि एकाच गल्लीत दोन प्रकारचे गंबो शिजते.

केजन म्हणजे जळजळीत तिखट, हा समज मात्र काढून टाकावा. ऑपेलुसास गावात तेरा भावंडांतले शेंडेफळ म्हणून वाढलेले पॉल प्रुडोम यांनी १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये आपले उपाहारगृह काढले आणि तापून लाल झालेल्या बिडाच्या तव्यावर मसाला लावून करपवलेला रेडफिश लोकप्रिय केला. त्याची देशभर अशी लाट आली की मेक्सिकोच्या आखातातील या माशाच्या व्यापारी मासेमारीवर १९८० च्या दशकात निर्बंध आणावे लागले. तो पदार्थ चांगलाच होता, पण तो एका कल्पक आचाऱ्याचा होता. केजन घरातले रोजचे जेवण त्याहून पुष्कळ सौम्य असते आणि तिखटासाठी सॉसची बाटली टेबलावर वेगळी ठेवलेली असते. टबॅस्को सॉस याच राज्यातल्या एव्हरी आयलंड येथे एडमंड मॅकिलहेनी यांनी १८६८ मध्ये सुरू केला आणि आजही त्यासाठी मिरचीचा लगदा ओकच्या पिंपांत मुरवत ठेवतात.

रू करताना तो दर वेळी करपतो किंवा फिकट राहतो. नेमके काय करावे?

रू हा घाईत होत नाही, आणि तो सुरू असताना दुसरे कोणतेही काम हाती घेता येत नाही, हे आधी स्वीकारावे. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची चिरून शेजारी तयार ठेवावी, कारण शेवटच्या क्षणी चिरायला वेळ मिळत नाही. जाड बुडाच्या, शक्यतो बिडाच्या पातेल्यात एक वाटी तेल मध्यम आचेवर तापवावे आणि त्यात एक वाटी मैदा थोडा थोडा सोडावा. सपाट कडेच्या लाकडी उलथन्याने पातेल्याचा तळ आणि विशेषतः कडेचा कोपरा सतत खरवडत राहावे, कारण मैदा आधी तिथे चिकटतो आणि तिथूनच करपायला लागतो.

पहिल्या काही मिनिटांत कच्च्या पिठाचा वास जातो. मग लाडवासाठी बेसन भाजताना घरभर दरवळतो तसा खमंग वास सुटतो, आणि बरेच जण इथेच थांबतात. कोंबडीच्या गंबोसाठी याच्याही पुष्कळ पुढे जायचे असते. तिथले लोक रंगाच्या पायऱ्या सांगतात : आधी पीनट बटर, मग जुने तांब्याचे नाणे, मग दुधाचे चॉकलेट आणि शेवटी काळे चॉकलेट. मध्यम आचेवर चॉकलेटचा रंग यायला साधारण पाऊण तास लागतो. शेवटच्या टप्प्यात रंग झपाट्याने बदलतो, म्हणून आच कमी करावी. हवा तो रंग दिसताच चिरलेला कांदा एकदम आत टाकावा. चर्र आवाज होतो, वाफेचा लोट उठतो आणि भाज्यांतल्या पाण्यामुळे रूचे तापमान खाली येऊन तो पुढे भाजायचा थांबतो. या वेळी मुलांना ओट्यापासून दूर ठेवावे, कारण उडालेला रू कातडीला चिकटून बसतो आणि खोल भाजते. काळे ठिपके दिसले तर मात्र सगळा रू टाकून द्यावा. रश्शात तो कडवटपणा कशानेही झाकला जात नाही.

रू जितका गडद तितकी चव खोल, पण दाटपणा कमी, कारण जास्त भाजल्याने मैद्यातला स्टार्च तुटतो. म्हणून गडद रूच्या गंबोत मैदा अधिक लागतो, किंवा जोडीला भेंडी अथवा फिले घेतात. लुईझियानात बाटलीत भरलेला तयार रू वाणसामानाच्या दुकानात मिळतो आणि अनेक आज्या तो बिनदिक्कत वापरतात, तेव्हा त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

भेंडी आणि फिले दोन्ही एकाच गंबोत घालतात का?

सहसा नाही. पूर्वी भेंडी उन्हाळ्यात मिळे आणि फिले साठवणीची असल्याने हिवाळ्यात वापरत, त्यामुळे एक असेल तर दुसरे नको, अशी रीत पडली. दोन्ही एकत्र घातल्यास रस्सा गरजेपेक्षा जास्त बुळबुळीत होतो. फिले कधीही उकळू नये, नाहीतर तिच्या तारा सुटतात. पातेले उतरवल्यावर किंवा प्रत्येकाच्या वाडग्यात चिमूटभर घालावी. सॅसाफ्रासच्या मुळांच्या तेलातील सॅफ्रोल या घटकावर अमेरिकेत १९६० मध्ये खाद्यपदार्थांसाठी बंदी आली, म्हणून काही जण फिलेविषयीही शंका घेतात. फिले पानांची असते, पानांत हा घटक अत्यल्प असतो आणि तिची विक्री तिथे उघडपणे होते.

सोमवारी राजमा-भात खाण्याची परंपरा कशी पडली?

न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवार हा धुण्याचा वार होता. हाताने कपडे धुणे म्हणजे पाणी तापवण्यापासून वाळत घालण्यापर्यंत अख्ख्या दिवसाचे काम, आणि त्या दिवशी चुलीपाशी उभे राहायला कोणालाच सवड नसे. रविवारी घरात हॅम, म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, झालेले असे आणि त्याचे हाड शिल्लक असे. रात्री भिजवलेला लाल राजमा, ते हाड, कांदा-सेलरी-ढोबळी मिरची आणि तमालपत्र पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवले की संध्याकाळपर्यंत तो आपोआप शिजून लोण्यासारखा मऊ होई. शेवटी थोडे दाणे पातेल्याच्या कडेला दाबून चेचले की रस दाट होतो. ही शेवटची कृती लहान मुलांकडे सोपवण्याची पद्धत अनेक घरांत आहे.

धुण्याची यंत्रे येऊन कित्येक दशके लोटली, तरी सोमवार सुटलेला नाही. शाळांच्या आणि उपाहारगृहांच्या सोमवारच्या जेवणात आजही राजमा-भात असतो. याच शहरात १९०१ मध्ये जन्मलेले जाझ संगीतकार लुई आर्मस्ट्राँग आपल्या पत्रांखाली 'आपला राजमा-भातपूर्वक' अशा अर्थाचे शब्द लिहून सही करत. जगभर फिरलेल्या माणसाने आपली ओळख सोमवारच्या ताटातून सांगावी, यातच त्या ताटाचे मोल आले.

हिरवे गंबो कोणते, आणि ते फक्त ईस्टरच्या आधीच का करतात?

याला 'गंबो झेर्ब' म्हणतात, आणि माझ्या मते लुईझियानाच्या सगळ्या पदार्थांत हा सर्वांत विचारपूर्वक घडलेला आहे. मोहरीचा पाला, सलगमचा पाला, कोलार्ड, पालक, कोबी, बिटाचा पाला, गाजराचा पाला, अळीव वर्गातले वॉटरक्रेस, कांद्याची पात, अशा पालेभाज्या निवडून, धुऊन, एकत्र उकडून त्यांचा लगदा करतात आणि तो रश्शात मिसळतात. भाज्यांची संख्या विषम असावी, बहुधा नऊ, असा संकेत आहे, आणि जितक्या भाज्या तितके नवे मित्र वर्षभरात मिळतात अशी श्रद्धा आहे.

कॅथलिक उपवासकाळात मांस वर्ज्य असल्याने काही घरांत हे गंबो पूर्ण शाकाहारी होते. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय क्रिओल घरांत मात्र ते गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, म्हणजे पवित्र गुरुवारी, मांस घालून करतात, कारण दुसऱ्या दिवशी कडक उपवास असतो. ही परंपरा शहरासमोर आणली ती लिया चेस (१९२३-२०१९) यांनी. त्यांच्या सासरच्यांनी १९४१ मध्ये सुरू केलेल्या 'डूकी चेस' या उपाहारगृहाच्या माडीवर, गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एकत्र बसून जेवणे कायद्याने गुन्हा असतानाच्या काळात, नागरी हक्क चळवळीतील दोन्ही वर्णांचे कार्यकर्ते एकत्र बसून गंबो खात आणि पुढचे बेत आखत. बराक ओबामा तिथे आले असता त्यांनी चव न घेताच गंबोवर तिखट सॉस घातला, म्हणून लियाबाईंनी त्यांना दटावल्याचा प्रसंग त्या स्वतः सांगत असत.

त्यांच्या हिरव्या गंबोत 'शोरीस' नावाचे तिखट सॉसेज पडत असे. गोव्यातील चोरीस आणि हे शोरीस या दोहोंचे मूळ आयबेरियन द्वीपकल्पात आहे. एक पोर्तुगिजांबरोबर मांडवीकाठी आले, दुसरे स्पेनच्या अमलात मिसिसिपीकाठी रुजले.

मार्दी ग्राच्या सणात घरोघरी काय खातात?

शहरात किंग केक. ६ जानेवारीपासून मार्दी ग्राच्या, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारापर्यंत जांभळ्या, हिरव्या आणि सोनेरी साखरेचे हे गोल पावासारखे केक कार्यालयांत आणि शाळांत रोज कापले जातात. आत बाळाची छोटी बाहुली असते, आणि ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने पुढचा केक आणायचा. व्हिएतनाम युद्धानंतर शहराच्या पूर्व भागात वसलेल्या व्हिएतनामी कुटुंबांपैकी एका कुटुंबाने १९८२ मध्ये काढलेल्या डाँग फुआँग बेकरीचा किंग केक आज सर्वांत जास्त मागणी असलेल्यांपैकी आहे. त्यासाठी पहाटेपासून रांगा लागतात.

खेड्यांत वेगळीच मजा असते. ममू, युनिस अशा गावांत मुखवटे आणि झालरींचे कपडे घातलेले लोक घोड्यांवरून किंवा गाड्यांतून घरोघरी जातात. त्यांचा कप्तान पांढरे निशाण घेऊन आधी घरमालकाची परवानगी घेतो. मग मंडळी अंगणात गातात, नाचतात, आणि गंबोसाठी काहीतरी द्या म्हणून मागणे मागतात. कोणी तांदूळ देतो, कोणी कांदे, कोणी सॉसेज, आणि कोणी जिवंत कोंबडी हवेत उडवतो, मग चिखलातून तिच्यामागे सगळ्यांची पळापळ. संध्याकाळी जमलेल्या शिध्याचे एकच मोठे गंबो शिजते आणि गाव एकत्र जेवते. मध्यरात्री उपवासाचा काळ सुरू होतो, तेव्हा सगळे थांबते.

क्रॉफिश बॉइलला बोलावले आहे. काय अपेक्षा ठेवावी?

क्रॉफिश हा गोड्या पाण्यातला, बोटभर लांबीचा, शेवंडीच्या जातीतला जीव. त्याचा हंगाम साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत असतो, आणि तो भरात असतो मार्च-एप्रिलमध्ये. अनेक शेतकरी एकाच खाचरात भात आणि क्रॉफिश दोन्ही घेतात : उन्हाळ्यात भात निघाला की शरदात शेतात पुन्हा पाणी सोडतात आणि हिवाळ्यापासून वसंतापर्यंत सापळे लावून क्रॉफिश काढतात.

अंगणात गॅसच्या शेगडीवर मोठे पातेले, त्यात मीठ, लाल तिखट, लिंबे आणि लसूण घातलेले पाणी, आणि त्यात बटाटे, मक्याची कणसे व पोत्यातून ओतलेले जिवंत क्रॉफिश असा थाट असतो. शिजल्यावर आच बंद करून पाण्यातच काही वेळ मुरू देतात, कारण मसाला तेव्हाच आत शिरतो. मग सगळे लांब टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर ओततात आणि लोक उभ्यानेच खातात. शेपूट पिळून वेगळी करायची, वरचे एक-दोन कडे सोलायचे आणि मांस ओढून काढायचे. डोक्यातला पिवळा रस चोखून घेतात, पण तो नको असेल तर कोणी आग्रह करत नाही. माणशी दीड-दोन किलो ही मोजणी ऐकून दचकू नये, कारण त्यात खाण्याजोगे मांस फार थोडे निघते. ह्यूस्टनमध्ये व्हिएतनामी दुकानांत हेच क्रॉफिश भरपूर लसूण घातलेल्या लोण्यात घोळवून देतात, आणि मराठी जिभेला बहुधा तो प्रकार अधिक भावतो. जाताना पांढरे कपडे घालू नयेत, आणि तिखट हात डोळ्यांना लावू नयेत.

'काला' नावाचा भाताचा गोड पदार्थ आता मिळतो का?

थोड्या ठिकाणी मिळतो, आणि तो पुन्हा घरोघरी व्हावा असे मला मनापासून वाटते. उरलेला मऊ भात कुस्करून त्यात अंडे, साखर, मैदा आणि जायफळ घालून लहान गोळे तळतात आणि वरून पिठीसाखर भुरभुरतात. पूर्वी पीठ रात्रभर आंबवत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कृष्णवर्णीय स्त्रिया डोक्यावर टोपली घेऊन 'गरमागरम काला' अशी फ्रेंचमध्ये हाळी देत न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर, विशेषतः रविवारी चर्च सुटताना, ते विकत. स्पॅनिश अमलात गुलामाला ठरावीक किंमत भरून स्वतःची सुटका विकत घेण्याचा कायदेशीर हक्क होता, आणि काही स्त्रियांनी या विक्रीच्या पैशातून स्वतःला आणि आपल्या माणसांना सोडवले. उरलेल्या भाताच्या पदार्थाने याहून मोठे काम केल्याचे मला माहीत नाही.

प्रलीन म्हणजे आपली चिक्कीच का?

नाही. साखर, लोणी आणि साय किंवा दूध आटवून त्यात पेकान, म्हणजे अक्रोडासारखा तिथला सुकामेवा, घालतात. वडी कडक न होता तोंडात विरघळते. फ्रान्समध्ये यात बदाम असत, लुईझियानात त्यांची जागा स्थानिक पेकानने घेतली. पेकानची कलमे यशस्वीपणे बांधून पहिले सुधारित वाण तयार केले ते ओक ॲली येथील मळ्यावरच्या अँट्वान नावाच्या गुलाम माळ्याने, १८४६ च्या सुमारास. आज अमेरिकेत उभ्या असलेल्या पेकानच्या बागा त्याच्याच कामाच्या वाटेने वाढल्या आहेत, पण त्याचे आडनावसुद्धा कोणी नोंदवून ठेवले नाही.

घरच्या पाककृती तिथे लिहून ठेवतात की तोंडीच चालतात?

दोन्ही, आणि दोन्हींना धोका असतो हे २००५ मध्ये दिसले. २९ ऑगस्ट रोजी कॅटरिना चक्रीवादळ आले, बंधारे फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. स्वयंपाकघरांतल्या खणांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पाककृतींची कार्डे, वह्या आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे आठवड्यानुआठवडे पाण्यात राहून लगदा झाली. ज्यांना कृती तोंडपाठ होत्या अशी कित्येक वडीलधारी माणसे दगावली किंवा दूरच्या शहरांत विखुरली. परतलेले लोक 'टाइम्स-पिकायून' या शहराच्या वर्तमानपत्राला पत्रे लिहून हरवलेल्या कृती मागू लागले. वर्तमानपत्राने त्या छापून विचारल्या, इतर वाचकांनी आपापल्या घरून पाठवल्या, आणि या देवाणघेवाणीतून २००८ मध्ये एक जाडजूड पुस्तक तयार झाले. शहर पुन्हा उभे राहत असताना लोकांनी वीज आणि छपराबरोबर आपल्या आईच्या पदार्थांची मागणी केली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

कृती उतरवून घेताना तिथे एक पद्धत वापरतात, ती कोणत्याही घरात उपयोगी पडेल. आजी 'मूठभर' म्हणाली की तिच्या मुठीतला जिन्नस पातेल्यात पडण्याआधी वाटीत धरून मोजायचा, आणि रंग किंवा वास सांगितला तर तो तिच्याच शब्दांत लिहायचा.

शाकाहारी माणसाला तिथे काय खाता येईल?

विचारून खावे लागेल, कारण राजमा आणि पालेभाज्यांतही बहुधा हॅमचे हाड असते, आणि रस्सा कोंबडीच्या किंवा कोळंबीच्या सालांच्या पाण्याचा असतो. मका, टोमॅटो आणि ढोबळी मिरचीचे 'माक शू', बटाट्याचे सॅलड, कॉर्नब्रेड हे पदार्थ बऱ्याचदा चालण्याजोगे असतात, तरी चरबी कोणती वापरली ते विचारावे. यजमानांना आधी सांगितल्यास ते सहसा वेगळे पातेले चढवतात, आणि त्यांना त्याचे ओझे वाटत नाही.

महाराष्ट्रात राहून गंबो करता येईल का?

नक्की करता येईल. तेल, मैदा, कांदा, ढोबळी मिरची, लसूण, भेंडी, कोंबडी, कोळंबी, सगळे आपल्याकडे आहे. सेलरी मोठ्या शहरांतील मंडयांत मिळते. नसेल तर थोडी वगळावी, पण तिच्याऐवजी कोथिंबीर घालू नये, कारण तिचा वास सगळ्यावर चढतो. फिलेऐवजी भेंडी घ्यावी आणि ती आधी थोड्या तेलात बुळबुळीतपणा जाईपर्यंत वेगळी परतून घ्यावी. अँडुईच्या जागी धुरावलेले कोणतेही जाड सॉसेज चालते, आणि डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी कोंबडीचे घ्यावे. गोव्याचे चोरीस वापरायचे असल्यास प्रमाण निम्मे ठेवावे, कारण त्यातला सिरका आणि मिरची रूच्या चवीवर मात करतात. एक वाटी तेल आणि एक वाटी मैद्याच्या रूला आठ वाट्या कोंबडीचे पाणी, सव्वा किलो कोंबडी आणि पाव ते अर्धा किलो सॉसेज हे सहा-आठ माणसांचे प्रमाण आहे. पाणी घातल्यावर मंद आचेवर निदान सव्वा तास उकळावे आणि वर आलेले तेल काढून टाकावे. हळद, गरम मसाला किंवा आले-लसणाची पेस्ट घालण्याचा मोह होतो. निदान पहिल्या वेळी तरी तो आवरावा, म्हणजे भाजलेल्या मैद्याची मूळ चव कळेल. तांदूळ आंबेमोहोरासारखा सुवासिक नको, साधा, मोकळा होणारा घ्यावा.

गंबोत बटाट्याचे सॅलड घालतात हे खरे आहे का?

खरे आहे. केजन भागातल्या अनेक घरांत भाताबरोबर किंवा भाताऐवजी थंड बटाट्याच्या सॅलडचा गोळा गरम रश्शात सोडतात. यजमानांनी वाढले तर खाऊन पाहावे. सॅलडमधल्या मोहरीचा आंबटपणा आणि गडद रू यांची जोडी छान जमते.

उरलेले गंबो किती दिवस टिकते?

कोंबडीचे गंबो दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते, म्हणून तिथे ते मुद्दाम आदल्या दिवशी करतात. शिजल्यावर दोन तासांच्या आत लहान भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावे, तिथे ते तीन-चार दिवस टिकते, आणि फ्रीझरमध्ये काही महिने. खाण्याआधी चांगली उकळी आणावी. फिले घातलेले उरले असेल तर मात्र उकळू न देता नुसते वाफ येईपर्यंत नीट गरम करावे. कोळंबी आणि कालवे पुन्हा गरम केल्यावर चामट होतात, तेव्हा उरवायचेच असेल तर त्यांच्याशिवायचा रस्सा बाजूला काढावा आणि खायच्या वेळी ताजी कोळंबी घालून पाच मिनिटे शिजवावी. भात नेहमी वेगळा ठेवावा, नाहीतर तो सगळा रस शोषून घेतो.